महापौर, राजे, रावबहादूर : पद कोणतं आणि किताब कोणता

नागपूरच्या महालात दोन वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एक भोसल्यांचा वाडा आणि दुसरी महापालिकेचं नगरभवन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टाऊन हॉल. वाड्यातल्या माणसाला लोक 'राजे' म्हणतात, टाऊन हॉलमधल्या खुर्चीवरच्या माणसाला 'महापौर'. दोघांनाही हार घालतात, दोघांनाही पहिल्या रांगेत बसवतात. त्यामुळे पत्रिका छापताना, स्मरणिका काढताना, कधी कधी तर अर्ज लिहितानाही या दोन शब्दांची गल्लत होते. खरं तर ते एकाच जातीचे शब्द नाहीत.

गल्लतीला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. 'पदवी' हा शब्द आपण बी.ए.ला वापरतो, 'रावबहादूर'ला वापरतो आणि 'महापौरपदवी' असंही कुणी बोलून जातं. म्हणून या लेखापुरते शब्द ठरवून घेऊ. कायद्याने किंवा हुकुमाने दिलेलं काम, त्याची मुदत आणि त्याचे अधिकार म्हणजे 'पद'. काम नसलेला, माणसाला किंवा घराण्याला चिकटलेला सन्मान म्हणजे 'किताब'. यांशिवाय नुसत्या आदराने किंवा मायेने मारलेली हाक असते, ते 'संबोधन'. विदर्भात पानठेल्यावर उभा असलेला कुणीही कुणालाही 'काय राजेहो' म्हणतो. त्यात ना पद असतं ना किताब. पण लग्नपत्रिकेवर 'श्रीमंत राजे' छापलं की तो शब्द संबोधनातून उठून किताबाच्या जागी जाऊन बसतो.

एक सोपी कसोटी आहे, जी बहुतेक वेळा दगा देत नाही. शब्दाच्या आधी 'माजी' लावून पाहायचं. 'माजी महापौर' सहज बसतं, 'माजी नगरसेवक', 'माजी सरपंच' तर रोज कानावर पडतात. 'माजी राजे' मात्र कानाला खटकतं, 'माजी रावबहादूर' तर कुणी ऐकलंच नसेल. पण 'माजी संस्थानिक' पुन्हा बसतं. का? कारण संस्थानिक म्हणजे राज्य चालवणारा. ते काम होतं आणि ते संपलं. राजेपण हे काम नसल्यामुळे ते 'संपल्याचं' भाषा मानत नाही. दुसरी कसोटी घरातल्यांची. राजाच्या मुलाला युवराज आणि बायकोला राणीसाहेब म्हणतात. पाटलाची बायको लग्नानेच पाटलीण होते. महापौराच्या बायकोला किंवा नवऱ्याला असा काहीही शब्द मराठीत नाही, आणि नसणंच बरोबर आहे. पद घरात वाटलं जात नाही. निवडून आलेल्या बाईंच्या जागी त्यांचे यजमान बैठकीत बसतात, ज्याला गावोगाव 'सरपंचपती' म्हणतात, तिथे नेमकं हेच बिघडलेलं असतं. पदाला किताबासारखं घरचं मानलं जातं. अशा यजमानांच्या सहीला कायद्यात शून्य किंमत आहे.

आता पद जवळून पाहू. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत 'मेयर'साठी सुचवला. पौर म्हणजे पुरातला, शहराचा रहिवासी. म्हणजे महापौर हा शहराचा मालक किंवा धनी नव्हे, तर रहिवाशांमधला पहिला. 'प्रथम नागरिक' म्हणतात ते यामुळेच. नागपुरात नगरपालिका १८६४ पासून आहे, महानगरपालिका १९५१ पासून. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमला ज्यांचं नाव आहे तेच.

महाराष्ट्रात महापौराला लोक थेट मत देत नाहीत. लोक आपापल्या प्रभागात नगरसेवक निवडतात. २०१७ च्या निवडणुकीत नागपुरात ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडून आले होते. हे नगरसेवक आपल्यातून एकाला किंवा एकीला महापौर करतात. सभागृहाची मुदत पाच वर्षं आणि महापौराची अडीच, म्हणजे एका सभागृहात साधारण दोन महापौर होतात. महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी आणि महिलेसाठी राखीव असेल हे राज्याचा नगरविकास विभाग सोडत काढून ठरवतो. ही सोडतच सांगते की पद कुणाचंही नाही, फिरतं आहे. एखाद्या घराण्याची गादी चिठ्ठीने कुणाकडे जाईल अशी कल्पनाही करता येत नाही.

महापौर असायला आधी नगरसेवक असावं लागतं, आणि इथेच अनेकांचा पाय घसरतो. राखीव जागेवरून निवडून आलेल्या नगरसेवकाने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही किंवा ते अवैध ठरलं, तर त्याचं नगरसेवकपद जातं. ते गेलं की महापौरपद आपोआप जातं. वेगळा ठराव लागत नाही. पायाच निघाला की वरचा मजला राहत नाही.

अधिकारांबद्दलही मोठा गैरसमज आहे. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो, सभा चालवतो, शहराच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करतो. पण प्रशासन चालवण्याचे अधिकार आयुक्ताकडे असतात. आयुक्त निवडून येत नाही, राज्य सरकार त्याची नेमणूक करतं. पैशांच्या मंजुरीत मोठा वाटा १६ सदस्यांच्या स्थायी समितीचा आणि तिच्या सभापतीचा. म्हणून गडरलाइन तुंबली, नळाला पाणी नाही, करआकारणी चुकली, तर अर्ज आयुक्तांच्या नावे करून झोन कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. नुसतं 'माननीय महापौर' लिहून दिलेल्या अर्जाचं पुढे काय होतं? महापौर कार्यालय तो शेरा मारून प्रशासनाकडे पाठवतं, आणि त्यात आठवडे जातात. नगरसेवकाला प्रत द्यावी, महापौरांनाही द्यावी, पण मूळ अर्ज ज्याच्या सहीने काम होतं त्याच्याकडेच.

पदाचं आणखी एक लक्षण म्हणजे ते रिकामं राहू शकतं. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक वेळेत झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्या काळात शहराला महापौर नव्हता आणि एकही नगरसेवक नव्हता. याचा फटका फार साध्या जागी बसतो. आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी जो दाखल्याचा नमुना आहे, त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक अशांची सही चालते. कालपर्यंत नगरसेवक असलेल्या ओळखीच्या माणसाने जुन्या शिक्क्याने सही करून दिली, तर तो दाखला अवैध. माणूस तोच, अक्षर तेच, शिक्काही तोच. सहीमागची मुदत तेवढी संपलेली असते. किताबाबाबत असं काही घडतच नाही, कारण किताबाच्या सहीने कधीच काही मंजूर होत नसतं.

एवढं वाचून वाटेल की पद आणि किताब ही दोन वेगळी घराणी आहेत. तसं नाही. जवळपास प्रत्येक सरदारी किताब जन्माला येतो तेव्हा पदच असतो. नागपूरकरांना याचं उदाहरण बाहेर शोधायची गरज नाही.

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांना जाऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. त्यांना 'सेनासाहेब सुभा' हे पद मिळालं. शब्द फोडून पाहा: सेना आणि सुभा. फौज ठेवायची, मुलूख सांभाळायचा, वसुली करायची आणि त्यातला हिस्सा साताऱ्याला पोचवायचा. हे सरळसरळ कामाचं वर्णन आहे. पुढे रघूजी भोसले यांनी याच पदावर राहून नागपूरचं राज्य उभं केलं आणि फौजा पार बंगालपर्यंत नेल्या. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून त्यांची जी तलवार परत आणली, तिच्या पात्यावर सोन्याने देवनागरीत मजकूर काढलेला आहे. त्यात रघूजींच्या नावापुढे 'सेनासाहिब सुभा' आहे. पातं युरोपी घडणीचं, अक्षरं देवनागरी, आणि नावाला जोडलेला हुद्दा साताऱ्याहून आलेला. काम म्हणून मिळालेला शब्द नावाचा भाग होतो तो असा.

१७५५ मध्ये रघूजी वारले आणि पद घट्ट होऊन किताब कसा बनतो ते दिसायला लागलं. त्यांचे थोरले पुत्र जानोजी आणि धाकटे मुधोजी यांच्यात वाद पेटला. जानोजींना 'सेनासाहेब सुभा' मिळालं. मुधोजींची समजूत घालण्यासाठी 'सेनाधुरंधर' हा वेगळा किताब आणि चांद्याकडचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडचा मुलूख. एका कामाला दोन माणसं लागत नव्हती, पण दोन भावांना दोन मान लागत होते. जानोजींच्या पश्चात त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी 'सेनासाहेब सुभा' याच किताबासाठी लढले आणि १७७५ मध्ये नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या गोळीने पडले. किताब गेला मुधोजींच्या मुलाकडे, दुसऱ्या रघूजींकडे, जो जानोजींना दत्तक गेलेला होता. दत्तकाचं महत्त्व इथे कळतं. पद रिकामं झालं की नेमणूक होते, पण वंशाने चालणारा किताब रिकामा ठेवणं घराण्याला परवडत नाही. रक्ताचा नाही तर दत्तकाचा, पण वारस हवाच.

इंग्रजांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक वारस नाकारला आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. पण १८५७ नंतर त्याच सरकारने त्या दत्तक वारसाला, म्हणजे दुसऱ्या जानोजींना, 'देऊरचे राजे बहादूर' हा किताब दिला. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं गाव, घराण्याच्या जुन्या वतनाचं. या एका किताबात सगळा विषय उलगडतो. राज्य नागपूरचं गेलं, किताब देऊरचा मिळाला. कर बसवायचा, फौज ठेवायची, न्याय द्यायचा अधिकार त्यात काहीही नव्हता. मान ठेवला, काम काढून घेतलं.

याआधीच्या गोंड काळातही हेच दिसतं. ज्यांनी नागपूर वसवलं असं आपण मानतो त्या देवगडच्या राजाचं 'बख्त बुलंद' हे नाव औरंगजेबाने दिलेला किताब आहे. किताबाने मूळ नावच गिळून टाकलं, आणि आज त्यांना कुणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही.

इंग्रजांच्या काळात किताबांची शिडीच तयार झाली. आपल्याकडे रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. मुसलमान आणि पारशी मंडळींना खानसाहेब, खानबहादूर. हे किताब व्यक्तीपुरते होते, मुलाला मिळत नसत. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. त्यांचं 'रावबहादूर' त्यांच्याबरोबर गेलं, संस्था राहिली. 'सर'ही तसाच, आणि सर म्हणजे लॉर्ड नव्हे. ब्रिटिश उमरावांच्या पायऱ्या पाच: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. नाइट, म्हणजे 'सर', त्यात येत नाही. बॅरोनेट तर वंशपरंपरागत असूनही उमराव धरला जात नाही. उलट लंडनचा 'लॉर्ड मेयर' नावात लॉर्ड असूनही उमराव नसतो. तो एका वर्षासाठी निवडलेला शहराचा पदाधिकारी असतो.

नागपूरच्या सर गंगाधरराव चिटणवीसांच्या नावात या सगळ्या तऱ्हा एकत्र भेटतात. चिटणवीस म्हणजे दरबारचा पत्रव्यवहार पाहणारा. जुनं पद, आडनाव होऊन गोठलेलं. 'सर' हा व्यक्तीपुरता किताब. आणि मध्य प्रांताच्या विधान परिषदेचे पहिले अध्यक्ष हे त्यांचं खरं पद, ज्याला मुदत होती आणि ज्याचं काम होतं. फडणवीस आडनावाचंही तसंच. फडाचा हिशेब ठेवणारा तो फडणवीस. देवेंद्र फडणवीस १९९७ मध्ये नागपूरचे महापौर झाले तेव्हा दरबारी पदाचं आडनाव आणि लोकशाहीतलं पद एका पाटीवर आलं. आडनाव वडिलांकडून आलं, पद मात्र सभागृहातल्या मतांनी.

पाटील हा शब्द तर तीन जिवांचा आहे. गावाची वसुली आणि व्यवस्था पाहणारा वतनदार पाटील हे वंशाने चालणारं पद होतं. वतनं कायद्याने बंद झाली, शब्द आडनाव म्हणून उरला आणि विदर्भात बऱ्या शेतकऱ्याला 'या पाटील' म्हणायची रीत म्हणूनही. पण पोलीस पाटील हे आजचं, जिवंत पद आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक होते आणि उपविभागीय कार्यालयातून आदेश निघतो. पोलीस पाटलाचा मुलगा पोलीस पाटील होईलच असं नाही. आपल्याकडचा मालगुजार मात्र वेगळा. तो ना किताब ना नगराचं पद, तो जमिनीचा आणि महसुलाचा हक्क होता. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० च्या कायद्याने तो हक्क संपला. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव उरले.

कायद्याची बाजू थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद १८ नुसार लष्करी किंवा शैक्षणिक सन्मान सोडून राज्याला कुणालाही किताब देता येत नाही, आणि भारतीय नागरिकाला परदेशी राज्याकडून किताब घेता येत नाही. म्हणून नावाआधी 'डॉ.' आणि 'कर्नल' चालतं. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे मात्र त्यानंतरही चालू होते, ते १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य तर शंभरावर वर्षं आधीच गेलेलं होतं. पद्म पुरस्कारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं की हे किताब नाहीत, पण म्हणूनच ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. 'पद्मश्री अमुक अमुक' असं पत्रिकेवर छापणं हे त्या माणसाचा मान वाढवत नाही, त्याला अडचणीत टाकतं. ओळखीच्या मजकुरात 'पद्मश्रीने सन्मानित' लिहावं. लोकांनी आपुलकीने 'राजे' म्हणू नये असं मात्र कोणताही कायदा सांगत नाही.

मग छापायचं कसं? पत्रिकेवर नाव आधी आणि त्याखाली पद, पूर्ण आणि शहरासह: 'महापौर, नागपूर महानगरपालिका'. महिला असल्या तरी 'महापौर'च. 'मा.' पदावरच्या व्यक्तीला लावतात, 'महामहिम' टाळावं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी यांच्या काळात राष्ट्रपती भवनानेच तो शब्द देशातल्या समारंभांतून काढला. पदावरून उतरलेल्यांना 'माजी'. कोनशिलेवर मात्र उद्घाटनाच्या दिवशीचं पद आणि तारीख कोरायची. पुढे कुणी माजी झालं म्हणून दगड बदलायचा नसतो. स्मरणिकेत जुन्या घटनेबद्दल लिहिताना 'तत्कालीन महापौर' म्हणावं. 'तत्कालीन राजे' मात्र फक्त प्रत्यक्ष राज्य करत असलेल्याला, म्हणजे नागपुरात १८५३ पर्यंतच्या भोसल्यांना.

प्रतिज्ञापत्र, विक्रीपत्र, वारसाची नोंद यांत किताब अजिबात नको. आधार, पॅन आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच अक्षरशः. एका कागदावर 'राजे' आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर दुय्यम निबंधकाकडे किंवा बँकेत काम अडतं आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. घराण्यात 'राजे' आडनावातच असेल आणि शाळेच्या नोंदीपासून तसंच चालत आलं असेल, तर ते नावच आहे आणि ते गाळणं ही चूक. नावात नव्याने घालायचं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते, आणि त्यानंतर प्रत्येक कागदावर तोच बदल करून घ्यावा लागतो. शासन त्याची नोंद नाव म्हणून घेतं, किताब म्हणून नव्हे.